फिट येणारी माणसं, निवासी संस्था आणि "आम्ही लक्ष ठेवतो"

पाणवठा (धागाकर्ती)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, स्वतः धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी मेंदूज्वर झाला. त्यातून तो वाचला, पण समज चार-पाच वर्षांच्या मुलाइतकीच राहिली आणि तेव्हापासून फिट येतात. सगळं आईच करायची. आज फिट येणार हे तिला आधी कळायचं. म्हणायची, "याचे डोळे बघ, आज काहीतरी आहे." आई दोन वर्षांपूर्वी गेली. वडील ७९ वर्षांचे. मी नोकरी करते, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत. दीड वर्षापूर्वी त्याला शहराबाहेरच्या एका निवासी संस्थेत ठेवलं. संस्था वाईट नाही. जेवण चांगलं आहे, आवार मोठं आहे, तिथल्या मावशींना त्याचा लळा आहे.

तीन आठवड्यांपूर्वी सकाळी साडेसातला फोन आला. "ताई, जरा पडलाय, टाके घातलेत, काळजीचं काही नाही." मी पोचले तेव्हा बाथरूमच्या दाराची आतली कडी एका स्क्रूवर लोंबकळत होती. दार फोडावं लागलं होतं. आत बादली आडवी पडलेली, साबण कोपऱ्यात तसाच. तो किती वेळ आत पडून होता, हे कुणालाच सांगता येईना. एक जण म्हणाला पाच मिनिटं, दुसरा म्हणाला, "नाही हो, आत्ताच तर गेला होता." कपाळाला सहा टाके आणि उजव्या दंडावर गरम पाण्याचा तळहाताएवढा चट्टा.

मग ऑफिसात बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. एक, "आकडीमुळे काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही" अशा कागदावर सही करा. दुसरी, रात्री कॉटवरून पडू नये म्हणून त्याचा एक हात ओढणीनं कॉटला बांधायचा. "मऊ ओढणी वापरू, ताई."

मी अजून सही केलेली नाही. मला भांडायचंही नाही. उद्या त्यांनी "घरी न्या" म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही. पण प्रत्येक वेळी ते म्हणतात, "आम्ही लक्ष ठेवतो." लक्ष ठेवणं म्हणजे नेमकं काय करायचं? मी त्यांच्याकडे काय मागू? रात्री २२ जणांमागे दोन माणसं असतात, हे धरून सांगा.

रानजाई

पाणवठाताई, वाचून पोटात कालवलं. मी विशेष शिक्षिका आहे, निवासी संस्थांत १९ वर्षं काढली. सही करू नका. बाकीचं जाणकार सांगतील, मी फक्त बाथरूमबद्दल बोलते, कारण माझ्या मते अर्धा धोका तिथेच आहे.

आतली कडी आधी काढायला लावा. लाज राखायला पडदा चालतो, बाहेर "आत कुणीतरी आहे" अशी पाटी चालते. कडीच हवी असेल तर बाहेरून नाण्यानं उघडता येईल असा खटका मिळतो. दार बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. माणूस दाराला टेकून पडला की आत उघडणारं दार ढकलताच येत नाही, आणि ढकललं तर तेच त्याच्या डोक्यावर बसतं.

पाटावर किंवा उभ्यानं अंघोळ नको. पाठीची प्लॅस्टिकची खुर्ची, तीही भिंतीला टेकवून. पाणी आधी बाहेरच्या माणसानं विसणून द्यायचं, बादली अर्धीच भरायची. लोकांना वाटतं बुडायला विहीर लागते. शुद्ध नसलेल्या माणसाचं तोंड अर्ध्या बादलीत गेलं तरी पुरतं. पाण्याचं पिंप बाथरूममध्ये असेल तर त्यावर झाकण किंवा ते सरळ बाहेर. गीझरचं बटण बाहेर. आणि गॅसचा गीझर बंद बाथरूममध्ये असेल तर तो आजच्या आज बाहेर काढायला सांगा. त्याच्या कार्बन मोनॉक्साइडनं धडधाकट माणसालाही बाथरूममध्ये फिट येते.

आणि दाराबाहेर एक माणूस बसलेला हवा. आमच्याकडे एक मामा होते, शिक्षण सातवी. ते स्टूल टाकून बसायचे आणि आतल्या मुलाला गाणं म्हणायला लावायचे. गाणं थांबलं की मामा आत. कुठल्याही प्रशिक्षणात नसलेली युक्ती, पण इतक्या वर्षांत मी याहून चांगली पाहिली नाही. तुमचा भाऊ काही गुणगुणतो का?

थेम्सकाठी

मी मूळची सांगलीची, इंग्लंडमध्ये केअर होममध्ये नर्स आहे. रानजाईंच्या प्रतिसादातला शब्द न् शब्द खरा आहे. इथे याच गोष्टीवरून एक मोठं प्रकरण झालं, ते सांगते.

कॉनर स्पॅरोहॉक, वय १८. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार. मार्च २०१३ मध्ये त्याला ऑक्सफर्डच्या स्लेड हाऊस नावाच्या युनिटमध्ये दाखल केलं. सरकारी आरोग्यसेवेचंच युनिट, रुग्ण मोजके आणि कर्मचारी भरपूर. मे महिन्यात आईच्या लक्षात आलं की त्यानं जीभ चावली आहे. तिनं कळवलं की याला फिट आली असणार. तिथल्या लोकांनी तसा पुरावा नाही असं ठरवलं. त्याला अंघोळीची, टबात डुंबत बसण्याची आवड होती. तो टबात असताना दर पंधरा मिनिटांनी डोकावायचं अशी पद्धत होती. ४ जुलै २०१३ च्या सकाळी तो टबात बुडालेला सापडला.

संस्थेनं सुरुवातीला नैसर्गिक मृत्यू म्हटलं होतं. आई मागे हटली नाही. स्वतंत्र चौकशीत हा मृत्यू टाळता आला असता असं निघालं. ऑक्टोबर २०१५ मध्ये ज्यूरीनं निर्णय दिला की फिट येऊन बुडून मृत्यू झाला आणि त्याला हलगर्जी कारणीभूत होती. २०१८ मध्ये ते युनिट चालवणाऱ्या सदर्न हेल्थ या ट्रस्टला कॉनर आणि आणखी एका रुग्णाच्या मृत्यूबद्दल मिळून २० लाख पौंड दंड झाला.

मी हे सांगतेय कारण तिथे माणसं कमी नव्हती. दर पंधरा मिनिटांनी बघतो, हे त्यांचं "लक्ष ठेवणं" होतं. बुडायला पंधरा मिनिटं लागत नाहीत. ताई, तुम्ही "लक्ष ठेवता का" असं विचारू नका. "तो अंघोळीला गेल्यावर दाराबाहेर कोण बसतं, त्याचं नाव सांगा" असं विचारा. आणि तुम्ही "आज काहीतरी आहे" म्हटलंत, तर ते त्यांनी वहीत लिहिलं पाहिजे. आईला, बहिणीला जे दिसतं ते मशीनला दिसत नाही. त्या मुलाच्या आईचं ऐकलं असतं तर तो आज असता.

दवापाणी

मी फिजिशियन आहे, तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करतो. आधी बांधण्याबद्दल. बांधू देऊ नका. फिटमध्ये स्नायू इतक्या जोरानं आवळतात की बांधलेला हात खांद्यातून निखळतो, हाडही मोडतं. शिवाय बांधलेल्या माणसाला कुशीवर वळवता येत नाही, आणि कुशीवर वळवणं हाच तर खरा उपचार आहे. पडण्याची भीती असेल तर कॉट काढा, गादी जमिनीवर घाला. दहा मिनिटांचं काम.

फिट आल्यावर घड्याळ बघायचं, हे पहिलं. डोक्याखाली काहीतरी मऊ, गळ्याशी आवळलेलं असेल ते सैल, आणि कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ-उलटी बाहेर पडते. तोंडात चमचा, बोट, रुमाल काही नको. कांदा, चप्पल, किल्ल्या, सगळं बंद. हातपाय दाबून धरायचे नाहीत. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपसूक थांबते. पाच मिनिटं ओलांडली, किंवा एक संपून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर १०८ ला फोन. फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलम या औषधाचा स्प्रे मिळतो. वजनाप्रमाणे किती फवारे हे न्यूरोलॉजिस्टकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि संस्थेत दिवसपाळी-रात्रपाळी दोघांनाही तो कसा मारायचा ते दाखवायला सांगा. स्प्रे ऑफिसच्या कपाटात आणि किल्ली अधीक्षकांच्या खिशात, असं नको. पाण्यात फिट आली, डोक्याला मार लागला, श्वास नीट नाही, तर पाच मिनिटांचीही वाट बघायची नाही.

आता जे सांगायला जड जातं ते. अपस्मार असलेल्या मोठ्या माणसांत दरवर्षी साधारण हजारात एकाचा अचानक मृत्यू होतो, बहुधा झोपेत, मोठी फिट येऊन गेल्यावर, कुणी जवळ नसताना. पुष्कळदा माणूस पालथा सापडतो. ज्यांना सर्वांगाला झटके येणाऱ्या फिट वरचेवर येतात, त्यांना धोका जास्त. त्याच खोलीत कुणी झोपत असेल तर धोका कमी होतो असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून तुमच्या भावाची गादी रात्रपाळीच्या माणसाच्या शेजारी हवी, हॉलच्या टोकाला नको.

पण सगळ्यात मोठी राखण गोळ्यांची. चुकलेला डोस, जागरण, ताप, जुलाब-उलटीत बाहेर पडलेली गोळी, दुकानदारानं परस्पर बदललेली कंपनी. फेनिटॉइनसारख्या फिटवरच्या औषधात थोडा फरकही फिट यायला पुरतो. फिट वाढल्या की आधी गोळ्यांची पाकिटं मोजा.

एक प्रश्न. फिट दर वेळी डोक्यावरून गरम पाणी घेतानाच येते का? तसा एक प्रकार आहे, कर्नाटकात बराच दिसतो, बंगळूरच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेनं त्यावर पुष्कळ काम केलंय. त्यात कोमट पाणी आणि डोक्यावर एकदम पाणी न ओतणं एवढ्यानंही फरक पडतो.

पाणवठा

दवापाणी, नाही, कधीही येते. झोपेत जास्त. पण आता आठवतंय, गेल्या महिन्यात गोळ्यांचं पाकीट वेगळ्या रंगाचं होतं. मी विचारलं तर "तीच आहे, कंपनी वेगळी" म्हणाले. उद्या विचारते.

रानजाई, तो गाणं म्हणत नाही, पण आरती म्हणतो. "सुखकर्ता दुखहर्ता", एकच कडवं, परत परत.

मधलीआळी

दुसरी बाजूही मांडतो, कृपया राग मानू नका. एका छोट्या संस्थेचा विश्वस्त आहे. आमच्याकडे ३० मुलं, त्यातल्या ११ जणांना फिट येतात. रात्रपाळीला माणूस मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही, कारण जो पगार आम्ही देऊ शकतो त्यापेक्षा जास्त त्याला सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून मिळतो. अनुदान वेळेवर येत नाही. तो "जबाबदार राहणार नाही"चा कागद भीतीपोटी छापलेला असतो. त्यानं संस्था काही वाचत नाही हे मलाही माहीत आहे.

आणि घरचे लपवतात. प्रवेशाच्या वेळी "फिट? छे, लहानपणी एकदा आली होती" म्हणतात, कारण खरं सांगितलं तर प्रवेश मिळणार नाही असं त्यांना वाटतं. एका मुलाच्या फिट आम्हाला पहिल्यांदा कळल्या त्या तो विहिरीच्या कठड्याशी पडला तेव्हा. चार हातांवर विहीर. त्या दिवशीच विहिरीवर जाळी बसवली, पण तो दिवस मला अजून झोपेत दिसतो. म्हणून विनंती आहे, लपवू नका. आणि आम्ही संस्थावाल्यांनीही फिट येते म्हणून दार बंद करायचं सोडलं पाहिजे, नाहीतर लोक लपवतच राहणार.

पाणवठाताई, पैशांत न बसणारं काही मागू नका असं मी म्हणणार नाही. पण रानजाईंनी आणि डॉक्टरांनी जे सांगितलंय त्यातलं बहुतेक फुकट आहे. गादी जमिनीवर, कडी काढणं, वही. ते आधी मागा. बिनखर्चाचं काम झालं की मग खर्चाचं मागायला तोंड राहतं.

ओलीवाट

मला स्वतःला बाराव्या वर्षापासून फिट येतात. इथे सगळे त्याच्यावर लक्ष कसं ठेवायचं ते बोलताहेत, म्हणून त्याच्या बाजूनं थोडं.

वसतिगृहात असताना मला फिट आली की शुद्धीवर येताना वर दहा चेहरे दिसायचे. तोंडात कुणीतरी पाणी ओतत असायचं, नाकाशी चप्पल. अंगातलं बळ गेलेलं, कपडे ओले, आणि सगळे बघताहेत. त्या वेळी एकच हवं असायचं. गर्दी हटवून एकानं शेजारी बसावं आणि ओळखीच्या आवाजात म्हणावं, "झालं, संपली, मी आहे इथे." अंगावर चादर टाकावी. तुमच्या भावाला बोलून दाखवता येत नसेल, पण लाज त्यालाही वाटते.

दुसरं, सुरक्षेच्या नावावर माझं सगळं बंद झालं होतं. सहल नाही, स्वयंपाकघरात पाय नाही, खेळाच्या तासाला बाकावर. पोळ्या लाटायला काय हरकत होती? तव्याशी नका उभं करू, पोळपाट तर द्या. फिट रोज येत नाही, दिवस मात्र रोज उजाडतो. त्याला बागेत पाणी घालायला आवडत असेल तर ते चालू राहू दे, सोबत माणूस द्या.

पुण्यात असाल तर संवेदना फाउंडेशनचा अपस्मार स्वमदत गट आहे. मला तिथे पहिल्यांदा मोकळं बोलता आलं.

चाफेकळी७

थोडं अवांतर, पण वृद्धाश्रमात आईवडील असलेल्यांसाठी लिहितेच. माझ्या वडिलांना अर्धांगवायूनंतर वर्षभरानं विचित्र होऊ लागलं. जेवता जेवता घास हातात तसाच राहायचा, एकटक बघायचे, ओठ चावल्यासारखे करायचे, मग अर्धा तास कुणाला ओळखायचे नाहीत. आश्रमात "आजोबा हट्ट करतात, जेवत नाहीत" असं लिहिलं जात होतं. एकदा तर हट्ट समजून घास भरवला आणि ठसका लागून निळे पडले. तिथल्याच एका मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ घेतला, तो डॉक्टरांनी पाहिला आणि मिनिटात म्हणाले, ही फिटच आहे. झटके येत नाहीत म्हणून कुणाला कळलंच नव्हतं. म्हातारपणी पहिल्यांदा सुरू होणारा अपस्मार पुष्कळ असतो, हे तेव्हा समजलं. घास हातात थांबला तर आधी भरवणं थांबवा.

कागदोपत्री

कायद्याचं थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे दिव्यांगांसाठी संस्था चालवायला नोंदणी प्रमाणपत्र लागतं. ते बघायला मागा, ऑफिसच्या भिंतीवर असायला हवं. त्याच कायद्यात क्रूर आणि अमानुष वागणुकीपासून संरक्षण आहे. रात्रभर हात बांधणं त्यात येत नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं तसं लेखी द्यावं. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, पण आधी बोलून बघा.

भावाचं कायदेशीर पालकत्व घेतलंय का? बौद्धिक अक्षमतेसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. आईवडिलांपश्चात उपचाराच्या संमतीला ते कामी येतं. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत.

बांधण्याबद्दल एकच. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीला एका मनोरुग्ण आश्रमात आग लागली. माणसं साखळीनं बांधलेली होती. २८ जण गेले. त्यांनाही सुरक्षिततेसाठीच बांधलं होतं असं सांगितलं जायचं. साखळी काय आणि मऊ ओढणी काय, आग लागली की सोडायला कुणीतरी यावं लागतं.

पाणवठा

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. काल जाऊन आले. धाग्यातलं सगळं एका कागदावर उतरवून नेलं होतं.

सही केली नाही. अधीक्षक सुरुवातीला घुश्श्यात होते. मी म्हटलं, सर, जबाबदार कोण ते नंतर बघू, आज बाथरूम बघूया. मग ते स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन आले आणि कडीचा उरलेला स्क्रू काढला. पडदा मावशींनी त्यांच्या जुन्या साडीचा शिवलाय. खुर्ची मी घेऊन गेले होते. दार बाहेरच्या बाजूला उघडायचं काम सुताराकडे दिलंय, त्याचे पैसे मी देणार.

गोळ्यांचं खरंच निघालं. नवीन कंपनीचं पाकीट होतं आणि तारखेच्या हिशोबानं सात गोळ्या जास्त उरल्या होत्या. म्हणजे सात डोस चुकले. ज्या आठवड्यात तो बाथरूममध्ये पडला, त्याच आठवड्यातले. देणाऱ्या मुलाला रडू फुटलं. तो एकटाच १४ जणांच्या गोळ्या देत होता, कामावर लागून महिना झालेला, आणि कुणी त्याला समजावूनच सांगितलं नव्हतं की ही गोळी चुकली तर काय होतं. मी त्याच्यावर चिडायचं ठरवून गेले होते. चिडता आलं नाही. आता रोजचे डोस खणांच्या डबीत घालून ठेवायचे आणि देणाऱ्यानं वहीत सही करायची, असं ठरलंय.

भावाची गादी खाली आणि रात्रपाळीच्या मामांच्या शेजारी आली. बांधायचं कुणीच परत काढलं नाही. स्प्रेची चिठ्ठी सोमवारी न्यूरोलॉजिस्टकडून घेते. रात्री तिसरं माणूस मात्र नाही जमत म्हणाले, ते अजून बाकी आहे. मधलीआळी, तुम्ही म्हणालात तसं, ते पुढच्या महिन्यात पुन्हा मागणार आहे. इतर पालकांनाही बरोबर घेते.

आज सकाळी मावशींनी वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला. मामांचं अक्षर आहे. "पहाटे ४.१० ला आकडी. दोन मिनिटं. डाव्या कुशीवर घेतलं. लघवी झाली, कपडे बदलले, चादर टाकली. ४.३५ ला ताई म्हणून हाक मारली. पाणी मागितलं."

दवापाणी

पाणी लगेच दिलं नाही ना?

पाणवठा

नाही. खाली लिहिलंय, "नाव विचारलं, बरोबर सांगितलं, मग बसवून चमच्यानं पाजलं."